टीप कोणती आणि मजकूर कोणता?

त्र्यंबकेश्वरीं पौष वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेसाठीं दिंड्या येतात. आमच्या एखाद्या विद्यार्थ्यानें पायथन भाषेंत त्या दिंड्यांच्या गांवांची यादी केली आहे, असें समजा. ‘सिन्नर’ ह्या नांवापुढें त्यानें ‘ही दिंडी उशिरां येणार’ अशी सूचना तिहेरी अवतरणचिन्हांत लिहिली. त्याची समजूत अशी कीं, ही नुसती टीप. संगणक तिकडे पाहणार नाहीं. परंतु सूचनेच्या मागेंपुढें स्वल्पविराम असल्यास तीच एक नवें गांव होऊन बसते. आधींचा स्वल्पविराम राहून गेल्यास ती सिन्नरच्या नांवासच चिकटते! त्या यादीवरून शिधा काढणाऱ्यानें काय करावें?

गिडो व्हान रॉसम ह्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ह्या भाषेचा नियम सोपा आहे. # ह्या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंत जें लिहावें ती टीप; आज्ञावली वाचतांनाच संगणक ती वगळतो. अवतरणचिन्हांत जें लिहावें ती अक्षरमाला. ती मजकुराचाच भाग होय. तिच्या आंत # आलें तरी तें केवळ एक अक्षर. उलट, तिच्यांत उलटी तिरपी रेघ भलत्या जागीं पडल्यास सारी आज्ञावली अडूं शकते. टीपेंत तीच रेघ निरुपद्रवी असते.

कोणी म्हणेल, जाणते लोकही फंक्शनच्या आरंभीं तिहेरी अवतरणांत माहिती लिहितातच ना? लिहितात खरें. पण ती डॉकस्ट्रिंग होय. फंक्शनांतील पहिलेंच विधान म्हणून पायथन ती जपून ठेवतो व विचारणारास दाखवितो. ती टिकावी म्हणून लिहिलेली असते, वगळली जावी म्हणून नव्हे.

हा विवेक आम्हांस नवा नाहीं. निवृत्तिनाथांचे धाकटे बंधु व शिष्य ज्ञानेश्वर ह्यांच्या ग्रंथांत, नकला होतां होतां पाठभेद शिरले. म्हणून शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मुळांत एकदां शिरलेला परका शब्द वेगळा काढण्यास केवढे श्रम पडतात, हें त्यावरून दिसतें.

म्हणून आमचें मत असें कीं, क्षणाच्या सोयीसाठीं टीपेचें काम अक्षरमालेकडून करून घेण्याची संवय विद्यार्थ्यांनीं लावून घेऊं नये. पालकांनींही ‘चाललें ना?’ एवढेंच न विचारतां ‘ही ओळ माणसासाठीं कीं यंत्रासाठीं?’ असें विचारावें. ज्यास हें उत्तर देतां येईल, त्याची यादी चुकली तरी त्याची त्यालाच सुधारतां येईल.