सरोजिनी नगर : अतिक्रमण कोणाचे?

दिल्लीच्या सरोजिनी नगरातील सुमारे २०० झोपड्या जमीनदोस्त करण्याच्या कारवाईस सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंतरिम स्थगिती दिली. दाद मागणाऱ्यांत बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली शाळकरी मुले होती. धोरण नाही असे सांगून माणसांना बाहेर फेकता येणार नाही, अशा आशयाच्या कानपिचक्या न्यायपीठाने केंद्र सरकारला दिल्या.

तरीही सत्ताधारी वर्गाचे भाट एकच पालुपद आळवीत असतात : जमीन सरकारची, झोपडीवाले अतिक्रमक! हा दावा तपासून पाहावयास हवा. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगरासह सात सरकारी वसाहतींचा पुनर्विकास मंजूर केला. १२,९७० घरांच्या जागी २५,६६७ घरे, अंदाजित खर्च ३२,८३५ कोटी रुपये. आणि तो भागविण्यासाठी नौरोजी नगर व सरोजिनी नगरचा काही भाग यांतील व्यापारी बांधकाम विकावयाचे. सार्वजनिक जमीन बाजारात मांडली की तो ‘विकास’. तिच्यावर चार पत्रे ठोकून कष्टकरी राहिला की ते ‘अतिक्रमण’! नवी घरे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहेत. त्यांची धुणीभांडी करणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या माणसांनी राहावे कोठे? या प्रश्नाला बुलडोझर हे उत्तर असू शकत नाही.

हा प्रश्न केवळ आर्थिक आहे, असे मानणेही चुकीचे ठरेल. झाडू कोणाच्या हाती द्यावयाचा हे या देशात जातीने ठरविले आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवून त्यांना गृहकर्ज नाकारण्यात आले. येथे वस्ती यादीतच नसते! दिल्लीच्या २०१५ च्या धोरणानुसार १ जानेवारी २००६ पूर्वीची वस्ती पर्यायी घरे दिल्याविना हटविता येत नाही. परंतु यादीबाहेरच्या वस्तीला हे संरक्षण नाही, असा पवित्रा शासनयंत्रणा घेते.

न्यायालयीन लढा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. मात्र त्याच निकालाने पावसाळ्यानंतर त्यांना हटविण्यास मुभाही दिली. २० एप्रिल २०२२ रोजी जहांगीरपुरीत स्थगितीनंतरही पाडकाम चालूच राहिले, कॉ. वृंदा करात आदेशाची प्रत घेऊन बुलडोझरपुढे उभ्या ठाकल्या, तेव्हा कोठे त्या कागदाला वजन आले.

जून २०१८ मध्ये याच पुनर्विकासासाठी हजारो झाडे तोडली जाणार म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले. उच्च न्यायालयाने तोड थांबविली आणि सरकारला आराखड्याचा फेरविचार करावा लागला. झाडांसाठी उभी राहिलेली ही एकजूट माणसांसाठीही उभी राहिली पाहिजे.

ती आपोआप उभी राहणार नाही. गल्लीगल्लीत समित्या स्थापून शिधापत्रिका, मतदार ओळखपत्रे व वीजबिले यांची नोंद ठेवणे. घरकामगार, सफाई कामगार व पथविक्रेते यांना एका झेंड्याखाली आणणे. आणि मुख्य म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना झोपडीवासीयांच्या बाजूस उभे करणे, ही कामे बुलडोझर येण्यापूर्वीच झाली पाहिजेत. क्वार्टरमधला कारकून आणि झोपडीतली कामकरीण यांच्यात भिंत उभी राहावी, हीच सत्ताधाऱ्यांची इच्छा आहे. ती भिंत पाडणे हे पक्षाच्या प्रत्येक शाखेचे कर्तव्य होय.