‘सॅम्पल छोटं आहे’ हे उत्तर नाही

२८ ऑक्टोबर २०२०. आपल्याकडे सकाळ होती आणि टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्ये आदल्या दिवसाची रात्र. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टॅम्पा बे रेज हा हरले की खेळ खल्लास. सहाव्या इनिंगमध्ये ते १-० ने पुढे होते आणि त्यांचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्सना अक्षरशः नाचवत होता. ७३ चेंडू, नऊ स्ट्राइकआउट, फक्त दोन हिट. ती दुसरी हिट बसली आणि मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून चालत आला. त्यानं स्नेलच्या हातून चेंडू काढून घेतला. माझा चहा तिथंच गार झाला.

कारण सरळ होतं. एकच पिचर त्याच फलंदाजांना तिसऱ्यांदा भेटतो, तेव्हा फलंदाज सरासरीनं थोडे वरचढ ठरतात. हजारो सामन्यांचा हिशोब तसं सांगतो. कॅशनं तो हिशोब ऐकला आणि निक अँडरसनला आणलं. मुकी बेट्सनं लगेच डबल मारली, एक चेंडू कीपरच्या म्हणजे कॅचरच्या हातून निसटला, आणि बघता बघता डॉजर्स २-१ ने पुढे गेले. शेवटी ३-१. वर्ल्ड सिरीज संपली.

दुसऱ्या दिवसापासून जगभर एकच गजर सुरू झाला: आकडेवाल्यांनी घात केला, खेळ माणसं खेळतात, कॉम्प्युटर नाही. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? एका सामन्यातल्या एका निर्णयाच्या. वर्षानुवर्षं ‘अहो, दहा चेंडूंवरून काय ठरवता’ म्हणून आकडेवाल्यांना झोडपणारे लोक एका चेंडूफळीच्या रात्रीवरून सबंध गणित निकालात काढत होते. सॅम्पल साइज: एक.

माझा राग मात्र फक्त त्यांच्यावर नाही. दुसरीकडे जे बसलेत, ज्यांना कुठलाही आकडा दाखवला की ‘स्मॉल सॅम्पल साइज’ असं म्हणून चर्चा बंद करतात, त्यांच्यावर जास्त आहे. पहिल्या गटाला निदान खेळाबद्दल काही म्हणायचं असतं. दुसऱ्या गटानं तीन इंग्रजी शब्द पाठ केलेत आणि त्यालाच तो शहाणपण समजतो.

आधी बेसबॉलचं थोडं व्याकरण सांगतो, क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी. फलंदाज दहा पाळ्यांत तीनदा हिट मारू शकला तर तो चांगला खेळाडू. ती त्याची सरासरी, ०.३००. दहातल्या सात वेळा अपयश, तरी चांगला. म्हणजे मुळात हा खेळच नशिबाच्या शेजारी घर बांधून राहतो. आता ‘स्प्लिट’ म्हणजे याच आकड्याचे तुकडे: डावखुऱ्या पिचरसमोर किती, रात्रीच्या सामन्यात किती, घरच्या मैदानावर किती, अमुक एका पिचरसमोर किती. तुकडा जितका बारीक, तितका तो चविष्ट लागतो आणि तितकाच पोकळ असतो.

हे पोकळपण मोजता येतं. ०.२७० चा साधासुधा फलंदाज घ्या. त्याच्या अंगात त्या विशिष्ट पिचरविरुद्ध काहीही खास नाही असं धरा. तरीही दहा पाळ्यांत पाच किंवा जास्त हिट मारण्याची त्याची शक्यता साधारण दहा टक्के आहे, निव्वळ योगायोगानं. संघात असे नऊ फलंदाज आहेत. त्या सगळ्यांनी या पिचरला दहा-दहा वेळा खेळलेलं असेल, तर त्यातला किमान एक जण ‘याचा बाप’ दिसण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त निघते. टीव्हीवाल्यांना रोज संध्याकाळी असा एक फलंदाज हवा असतो, आणि गणित त्यांना तो बहुतेक रोज पुरवतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. प्रॉडक्शन टीम फक्त कावळ्याचा फोटो दाखवते.

आयपीएल बघताना तुम्ही हेच बघता. पडद्यावर येतं, ‘अमुक विरुद्ध तमुक: १७ चेंडू, ३ वेळा बाद’. समालोचक आवाज खाली आणतो, जणू कुंडलीतला शनी सापडला. मग त्या तमुकला एक षटक लवकर आणलं जातं. क्रिकेटमध्ये आज ज्याला ‘मॅच-अप’ म्हणतात, ते बेसबॉलमध्ये फार जुनं आहे. बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर अर्ल वीव्हर १९७०च्या दशकात कोणता फलंदाज कोणत्या पिचरला कसा खेळलाय, याची कार्डं जवळ बाळगायचा. तेव्हा ते क्रांतिकारक होतं. पुढे २००६ साली टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्रू डॉल्फिन या तिघांनी ‘द बुक’ नावाच्या पुस्तकात हिशोब मांडून दाखवला, की फलंदाज-विरुद्ध-पिचर या जुन्या भेटींच्या आकड्यातून पुढच्या भेटीबद्दल जवळजवळ काही कळत नाही.

इथवर आलं की ‘सॅम्पल साइज’वाले टाळ्या वाजवतात. थांबा जरा.

१९७०चा मोसम. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्या मोसमातले १८ फलंदाज घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या फक्त ४५ पाळ्या. प्रश्न असा, की एवढ्यावरून मोसमाच्या उरलेल्या भागातली त्यांची सरासरी सांगता येईल का? ४५ पाळ्या म्हणजे काहीच नाही. आपला शहाणा म्हणेल, सॅम्पल छोटं आहे, सोडून द्या. पण सोडून कसं देणार? मॅनेजरला उद्या संघ निवडायचाच आहे. न निवडणं हा पर्यायच नसतो.

त्यांनी केलं ते एवढंच: प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या मिळून असलेल्या सरासरीकडे, म्हणजे ०.२६५ कडे, बराचसा ओढला. रॉबर्टो क्लेमेंटेचे ४५ पैकी १८, म्हणजे ०.४००. तो ओढून ०.२९ च्या आसपास आणला. थर्मन मन्सनचे ४५ पैकी ८, म्हणजे ०.१७८. तो वर ओढून ०.२४५ च्या आसपास. मग उरलेला मोसम तपासला. कच्च्या आकड्यांनी केलेल्या एकूण चुकीपेक्षा (चुकांचे वर्ग करून बेरीज घेतली तर) ओढलेल्या आकड्यांची चूक साडेतीन पटींनी कमी निघाली. छोटं सॅम्पल फेकून न देता, आणि त्याच्यासमोर लोटांगणही न घालता. आकडा ऐकायचा, पण त्याला आधीच्या माहितीच्या शेजारी बसवून ऐकायचा.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र यश नाही, चूक आहे. क्लेमेंटेनं उरलेल्या मोसमात ०.३४६ मारले. गणितानं त्याला फारच खाली ओढलं होतं. का? कारण गणिताला हे माहीतच नव्हतं की हा रॉबर्टो क्लेमेंटे आहे, चार वेळा लीगमधली सर्वोच्च सरासरी काढलेला. त्याला ‘सर्वसाधारण फलंदाजा’कडे ओढणं चूक होतं, त्याला क्लेमेंटेकडे ओढायला हवं होतं. आणि मन्सन? तो नवखा होता, त्याच्यामागे कुठला इतिहास नव्हता. त्यानं उरलेल्या मोसमात ०.३१६ मारले आणि त्या वर्षी अमेरिकन लीगचा ‘रूकी ऑफ द इयर’ झाला. एप्रिलमधल्या त्या ०.१७८ वर कुणी त्याला घरी पाठवलं असतं तर? अशी किती मुलं घरी गेली असतील, त्यांचा हिशोब कुणाकडेच नसतो. घरी गेलेल्याचा आकडा पुढे वाढत नाही.

आता ‘किती मोठं सॅम्पल म्हणजे पुरेसं’ हा प्रश्न. हा प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी पुरेसं? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला असतो. मीठ सगळीकडे सारखं पडलंय का, हे एका शितावरून कळत नाही. बेसबॉलमध्येही तसंच. फलंदाजाची सरासरी हा अत्यंत गोंगाटाचा आकडा. चेंडू जोरात मारला आणि थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला तर शून्य, मुळमुळीत लागून मधल्या फटीतून गेला तर हिट. साडेपाचशे पाळ्यांच्या पूर्ण मोसमानंतरही केवळ नशिबानं ती वीसेक पॉइंट इकडे-तिकडे होऊ शकते. ०.२७० आणि ०.२९० यांतला फरक बहुतेक वेळा फरकच नसतो. उलट, किती वेळा स्ट्राइकआउट होतो, हे प्रमाण साठेक पाळ्यांतही बरंच बोलू लागतं, कारण तिथं क्षेत्ररक्षक मध्ये येत नाहीत.

आणि काही प्रश्नांना एक चेंडू पुरतो. २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग मोजते. एखाद्या पोरानं एकदाच चेंडू ताशी १८५ किलोमीटरनं मारला, तर त्याच्या अंगात ती ताकद आहे हे सिद्ध झालं. तो वेग योगायोगानं येत नाही. तो रोज मारू शकेल का, हा वेगळा प्रश्न. ‘सॅम्पल छोटं आहे’ म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, तो कुठला प्रश्न विचारतोय.

स्प्लिटचंही असंच. उजव्या हाताचा फलंदाज डावखुऱ्या पिचरला सरासरीनं जास्त चांगला खेळतो आणि डावखुरा फलंदाज उजव्या पिचरला. यामागे कारण आहे: चेंडू समोरच्या बाजूनं येताना नीट दिसतो, आणि वळणारा चेंडू अंगाकडे येतो, बॅटपासून दूर पळत नाही. शंभर वर्षांपासून मॅनेजर यावर संघ बदलतात. पण एखाद्या उजव्या फलंदाजाचा वैयक्तिक स्प्लिट यापेक्षा वेगळा आहे असं म्हणायचं असेल, तर ‘द बुक’चा हिशोब असा, की त्याच्या आकड्यात आधी सर्वसाधारण खेळाडूच्या सुमारे २२०० पाळ्या मिसळा. एका मोसमात त्याच्या वाट्याला डावखुऱ्यांसमोर दीडशे-दोनशे पाळ्या येतात. म्हणजे दहा वर्षं खेळला तरी त्याच्या स्वतःच्या आकड्याचं वजन जेमतेम निम्म्यावर येणार. दिवस-रात्र, मंगळवार-बुधवार, पाऊस पडून गेल्यानंतर वगैरे स्प्लिटमागे तर कारणही नसतं. ते पंचांग आहे.

खरा घात पुढे होतो. एखाद्या डावखुऱ्या पोरावर पहिल्या मोसमात साठ-सत्तर पाळ्यांनंतर शिक्का बसतो: ‘डावखुऱ्या पिचरसमोर चालत नाही’. मग डावखुरा पिचर आला की त्याला बाकावर बसवतात. पुढच्या वर्षी पाळ्या आणखी कमी. पाच वर्षांनी कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: पुरावा नाही, सॅम्पल छोटं आहे. अहो, छोटं आहे कारण तुम्हीच छोटं ठेवलंत! आपल्या क्रिकेटमधला ‘स्पिन खेळता येत नाही’ हा शिक्का याच जातीचा. सातव्या षटकात फिरकी आली की त्याचा नंबर खाली ढकला, मग तो फिरकी खेळणार कधी आणि शिकणार कधी?

स्नेलचं तेच झालं होतं. २०२०च्या छोट्या मोसमात त्याला एकाही सामन्यात पूर्ण सहा इनिंग टाकू दिल्या नव्हत्या. तिसऱ्या फेरीत स्नेल कसा टिकतो, याचं स्वतःच्या संघाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून सगळ्या पिचरांची सरासरी त्याच्या डोक्यावर ठेवली. नंतर टीकाकारांनी मुद्दा काढला, की बेट्स त्या वर्षी डावखुऱ्यांसमोर उजव्यांपेक्षा वाईट खेळला होता, मग त्याच्यासमोर उजवा पिचर का आणला? मला हा मुद्दा मान्य नाही. साठ सामन्यांच्या मोसमातला तो उलटा स्प्लिट वर सांगितलेल्या हिशोबानं जवळपास शून्य वजनाचा. पण त्या रात्री पुढचे तीन फलंदाज, बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, मिळून सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. सहा म्हणजे थोडेच. तरी स्ट्राइकआउट हा लवकर बोलणारा आकडा आहे. आणि ज्याला आणलं त्या अँडरसननं आधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. तेही थोडंच. दोन्ही थोडकं एकाच पारड्यात पडत होतं. मी स्नेलला ठेवला असता. छातीठोकपणे नाही, दहात सहा वेळा म्हणा. कॅशनं आकडे पाहिले हा गुन्हा नव्हता. त्यानं एकच मोठा आकडा पाहिला आणि हातातले लहान आकडे मोजायच्या लायकीचे नाहीत असं मानलं, असं मला वाटतं. तो निर्णय बरोबर असता तरी बेट्सनं डबल मारलीच असती कदाचित. एका डबलवरून ते कळणार नाही.

टफी ऱ्होड्स आठवतो अशा वेळी. ४ एप्रिल १९९४, मोसमाचा पहिलाच दिवस, शिकागोचं रिग्ली फील्ड. समोर ड्वाइट गुडन. ऱ्होड्सनं त्याला एकाच सामन्यात तीन होम रन मारले. त्या संध्याकाळी तो सगळ्या शहराचा लाडका होता. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर एकूण आठ होम रन होते. पुढच्या वर्षानंतर अमेरिकेतल्या एकाही संघानं त्याला मोठ्या लीगमध्ये खेळवलं नाही. सहा मोसमांत तुकड्या-तुकड्यांनी मिळालेले २२५ सामने, १३ होम रन, विषय बंद. १९९६ साली तो जपानला गेला. तिथली लीग वेगळी, पिचिंग वेगळं, मान्य. पण तिथं त्याला रोज खेळवलं. २००१ मध्ये त्यानं एका मोसमात ५५ होम रन मारून सदाहारू ओहच्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि खेळ थांबवला तेव्हा जपानमधला त्याचा आकडा ४६४ झाला होता.