टक्केवारी मागणे ही लाचारी नव्हे

“पाठ काय, सगळ्यांचीच दुखते. डोंबिवलीहून रोज लोकलला लटकणाऱ्याचीसुद्धा. मग माजी सैनिकालाच त्याचे अपंगत्व-निवृत्तिवेतन कशाला?” ठाणे-कल्याण पट्ट्यात हा सवाल शिकलीसवरलेली माणसेही करतात. तो बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. लोकलच्या प्रवाशाला नखशिखांत तपासून कोणी नोकरीवर घेतलेले नसते. जवानाला घेतलेले असते. म्हणूनच धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले, की भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल तर ते सेवेतच जडले असे धरायचे. तसे नाही, हे सरकारने सिद्ध करायचे.

दुसरा आक्षेप: “अपंगत्वाच्या चार-पाच टक्क्यांसाठी एवढी अपिले?” हे म्हणणाऱ्याने हिशेब मांडलेला नाही. मुदत पूर्ण करून, या निवृत्तिवेतनाच्या 2023च्या नव्या नियमांआधी निवृत्त झालेला हवालदार घ्या, अखेरचा पगार 40,000. सेवा संपताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने गुडघ्याला 15 टक्के अपंगत्व लिहिले तर त्यापोटी हाती शून्य, कारण 20च्या खाली काहीच नाही. 20 लिहिले आणि दुखणे सेवेमुळे मानले, तर पगाराच्या 6 टक्के, म्हणजे 2,400. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार निकालाने 2014 मध्ये मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही 20चे 50 धरण्याचा लाभ दिला. तेच मग दरमहा 6,000 होतात. पाच टक्क्यांत एवढे अंतर आहे.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या गेटवर असे कितीतरी माजी जवान बारा-बारा तास उभे असतात. जिना उतरताना कठडा धरून, तिरके होऊन, दोन्ही पाय एकाच पायरीवर आणत उतरतात. उकिडवे बसता येत नाही. हे एक्स-रेत दिसत नाही. गुडघा किती अंशांत वाकतो, मांडीचा घेर किती उतरला, कमरेची कळ पायात कुठवर जाते, हे मोजून लिहावे लागते, आणि घाईच्या तपासणीत नेमके तेच राहून जाते. ते लिहून घ्या म्हणण्याला लालूच म्हणणारा माणूस मला कोता वाटतो.

खोटे लंगडणाऱ्यांची आणि “पन्नास टक्के काढून देतो” म्हणणाऱ्या दलालांची बाजू मी घेणार नाही. त्यांच्यामुळेच खऱ्या दुखण्यावर संशय येतो. पण त्यावर उपाय काटेकोर तपासणी हा आहे, सरसकट नकार नव्हे.

तुमच्या इमारतीत असा कोणी असेल, तर त्याला बोर्डाच्या कागदांची प्रत मागायला सांगा. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जा. अपील फेटाळले, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतच आहे.