पेटाफ्लॉप्सचे पेढे वाटून झाले असतील तर

सप्टेंबर २०२४मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात तीन ‘परम रुद्र’ महासंगणक सुरू झाले. खर्च १३० कोटी. आनंदच आहे. १९९१च्या ‘परम ८०००’पासून आम्हा पुणेकरांना या विषयाचा जरा जास्तच जिव्हाळा. पण बातम्यांत वेग आणि किंमत सोडून काय होतं? आतली ऑपरेटिंग सिस्टीम कशी बसवलीय, बाहेरच्या संशोधकाला स्वतःचा प्रोग्राम त्यावर कसा चालवता येतो, हे कुणी विचारलं का?

किरकोळ वाटतंय? अमेरिकेत लॉस अलामोसला ‘आस्की क्यू’ हा ८१९२ प्रोसेसरचा महासंगणक होता. हिशेबापेक्षा फारच हळू चालायचा. २००३मध्ये तिथल्याच लोकांनी कारण शोधलं: ऑपरेटिंग सिस्टीमची मागे चाललेली बारीकसारीक कामं. एक प्रोसेसर क्षणभर तिकडे वळला की बाकीचे हजारो थांबून राहतात. पंगतीत एकाच्या पानात भात यायचा राहिला की सगळी पंगत खोळंबते, तसंच. ती कामं आवरली आणि त्यांचा एक मोठा प्रोग्राम दुप्पट वेगाने पळाला. नवीन यंत्र न घेता! जपानच्या रिकेन संस्थेने तर लिनक्सच्या शेजारी चालणारा ‘मॅककर्नल’ हा हलका कर्नल स्वतः लिहिला.

माझ्या ओळखीची एक मुलगी पीएचडी करते. एका केंद्रात (नाव नको) तिचे दोन महिने लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या जुळवण्यात गेले. कंटेनर, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र भरलेला डबा, तो चालवू द्या म्हणाली. उत्तर आलं, ‘सिक्युरिटी. आणि वेगही जातो.’

डॉकरबद्दलची सुरक्षेची भीती खरी आहे, त्याला रूटचे अधिकार लागायचे. पण म्हणूनच बर्कलेच्या प्रयोगशाळेत २०१५मध्ये ‘सिंग्युलॅरिटी’ तयार झालं, जे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या अधिकारातच चालतं. आणि वेग? कंटेनर सोडा, अख्खं हलकं व्हर्च्युअल मशीन सँडियाच्या ‘रेड स्टॉर्म’वर ४०९६ नोड्सपर्यंत चालवून पाहिलंय. फटका ५ टक्क्यांच्या आत. तेही २०११च्या सुमारास!

सगळीकडे असंच आहे असं नाही म्हणत मी. काही केंद्रं कंटेनर चालवू देतात. मग बाकीच्यांना काय अडचण आहे? फेलोशिपची मुदत काही कुणासाठी थांबत नाही.

पुढच्या उद्घाटनाला आपल्या खासदारांना एवढंच विचारा, यातले किती कोटी सॉफ्टवेअरच्या माणसांवर खर्च होणार, आणि ती माणसं कायम आहेत की अकरा महिन्यांच्या कंत्राटावर?