मुदत वेगळी, मुलूख वेगळा

आक्रमक हुकूमशहाला थोडा मुलूख तोडून दिला की तो निवतो आणि मोठे युद्ध टळते, या मताची परीक्षा ३० सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारात झाली. करारामुळे ब्रिटनला शस्त्रसज्जतेला वर्षभर मिळाले, असे समर्थक आजही सांगतात. मिळाले खरे, पण तेच वर्ष हिटलरलाही मिळाले आणि वर चेकोस्लोव्हाकियाचे सुडेटनलँड मिळाले. चेकोस्लोव्हाकियाची तटबंदी त्याच डोंगरपट्ट्यात होती. ती गेल्यावर उरलेला चेक मुलूख मार्च १९३९ मध्ये जवळजवळ विनाप्रतिकार पडला. स्कोडाचे कारखाने आयतेच जर्मनीच्या हाती आले. मे १९४० मध्ये रोमेलची रणगाडा डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली, तेव्हा तिचे बरेचसे रणगाडे चेक बनावटीचे होते. म्हणजे दिलेला तुकडा भूक भागवत नाही, पुढच्या स्वारीची रसद पुरवतो.

याची उलट बाजू जिवतीच्या परिसरात दिसते. तिथले माणिकगडचे डोंगर तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, राजुरा तालुक्यात होते. वर्धा नदीपलीकडे बल्लारपूर इंग्रजी अमलात. याच डोंगररांगांना लागून जोडेघाट आहे. तिथे १९४० मध्ये जल, जंगल, जमिनीसाठी लढणारा कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. प्रजेला असे वागवणाऱ्या या एकतंत्री सत्तेला १९४७ मध्ये स्वतंत्र राज्य हवे होते. वऱ्हाडावरचा जुना हक्क तिने सोडला नव्हता, आणि पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदर मिळवण्याची खटपटही चालवली होती.

भारत सरकारने नोव्हेंबर १९४७ मध्ये निजामाशी जैसे थे करार केला. ही म्युनिकचीच नक्कल, अशी टीका तेव्हाही सुचण्याजोगी होती, कारण त्या मुदतीत निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार माजले आणि कराचीहून विमानांनी शस्त्रेही आली. तरी ती टीका टिकत नाही. मुदत दिली गेली. वऱ्हाड दिले नाही, बंदर मिळू दिले नाही. चहूकडून वेढलेल्या निजामाला त्या मुदतीचा उपयोग मर्यादितच होता. १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली भारतीय सैन्याची कारवाई १७ तारखेला संपली.

हैदराबाद म्हणजे जर्मनी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण १९३६ मध्ये ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घालणारा जर्मनीही १९४० चा जर्मनी नव्हता. मधली चार वर्षे त्याला मुलूख मिळत गेला. कारवाई थोडक्यात आटोपली म्हणून ती रक्तहीन होती, हेही खरे नाही: तिच्या दरम्यान आणि नंतर झालेल्या हिंसाचारात २७ ते ४० हजार माणसे मेली, असा पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज होता.