व्हीपीएन घ्यावा का? आधी थैली कुठे उघडते ते पाहा

लखनौच्या हजरतगंजमध्ये जिथे आज जीपीओ आहे, तिथे एकेकाळी रिंग थिएटर होते. काकोरी खटल्याचे कामकाज तिथेच चालले. ९ ऑगस्ट १९२५ रोजी रेल्वेगाडी थांबवून सरकारी खजिना काढून घेतल्याचा हा खटला. त्यात दहा वर्षांची सजा झालेले रामकृष्ण खत्री आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे, पुढे लखनौलाच स्थायिक झाले. या तपासात पोलिसांनी क्रांतिकारकांची पत्रे टपालातच अडवून वाचली होती. रेल्वे आणि टपाल, दोन्ही खात्यांच्या कामगारांनी हे लक्षात ठेवावे असे आहे.

आज पत्राच्या जागी मोबाईल आला. ‘व्हीपीएन घ्या, निर्धास्त राहा’ अशा जाहिराती त्यावर सारख्या झळकतात. चारबाग काय किंवा दादर काय, स्टेशनचे मोफत वाय-फाय वापरणारे आमचे साथी विचारतात, यावर महिन्याला पैसे घालावेत का?

आरएमएसमध्ये रात्रपाळ्या काढलेल्यांना हे चटकन समजेल. पूर्वी पुष्कळशा वेबसाइट पोस्टकार्डासारख्या होत्या, वाटेतला कोणीही वाचू शकत असे. आता बँक, तिकीट, टपाल यांच्या वेबसाइटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो. हे बंद पाकीट आहे. मजकूर दिसत नाही, पण कोणाला पाठवले ते वाय-फायवाल्याला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळते. व्हीपीएन हेच पाकीट लाखेची मोहोर लावलेल्या थैलीत घालतो आणि थैली आपल्या सॉर्टिंग ऑफिसात नेऊन उघडतो. म्हणजे इथल्या सॉर्टरपासून पत्ता लपला, तिथल्या सॉर्टरला दिसला. भरवसा एकावरून उठवून दुसऱ्यावर ठेवला, एवढेच.

हा दुसरा कोण, हे जाहिरातीत नसते. फुकटवाल्यांची तर आणखी चौकशी करावी. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या ओनावो कंपनीचे व्हीपीएन अ‍ॅप ‘संरक्षण’ म्हणून वाटले जाई; लोक मोबाईलवर काय वापरतात याची माहिती त्यातून फेसबुककडे जात होती. ओरड झाल्यावर २०१९ मध्ये ते बंद झाले. आपल्याकडे सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते वगैरे पाच वर्षे जपून ठेवावेत. काही परदेशी कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच हलवले.

आणि आपल्या माणसांचे पैसे जातात ते वाटेत पाकीट फोडून नव्हे. ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे, या लिंकवर भरा’ असा टपाल खात्याच्या नावाचा खोटा मेसेज येतो, केवायसीचा फोन येतो, आणि आपणच ओटीपी सांगून बसतो. त्याला व्हीपीएन काय करणार? त्यापेक्षा प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा, लिंकवरून आलेले अ‍ॅप टाकू नका, आणि फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० ला फोन लावा. सामान्य कामगाराने व्हीपीएनवर पैसे घालू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला कोणत्या वेबसाइट पाहिल्या हे वाय-फायवाल्यापासून लपवायचे खरेच कारण आहे, त्याने कंपनी पारखून घ्यावा.

सरकारने पाकीट फोडायचे ठरवले तर तो निराळा प्रश्न आहे. १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीच केली नाही, ते तसेच पडून राहिले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरीही २०२३ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या ९ व्या कलमाने टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार सरकारला दिलाच. हुकूम दिल्लीत निघेल, पाकीट मात्र आपल्यातल्याच कोणाला तरी बाजूला काढावे लागेल. असा प्रत्येक हुकूम सरकारबाहेरच्या कोणीतरी तपासावा, ही मागणी युनियनने लावून धरली पाहिजे. ती मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकून पुरी होणारी नाही.

जाता जाता एक. काही साथींना कार्यालयाच्या कामासाठी प्रशासनाने व्हीपीएन दिलेला असतो. त्यावरून युनियनच्या बैठकीचे निरोप पाठवू नयेत. ती थैली साहेबांच्याच ऑफिसात उघडते.