अ‍ॅसिडिटीची गोळी आणि वाढलेले प्रोलॅक्टिन

पाळी दोन-तीन महिने चुकते, दिवस राहिलेले नसतात आणि रक्ताच्या अहवालात 'प्रोलॅक्टिन' या शब्दापुढे वाढलेला आकडा ठळक अक्षरांत येतो. मग घरातला शोध बहुधा मोबाइलवर सुरू होतो. काय खावे, काय टाळावे, कोणत्या पावडरीने 'हार्मोन बॅलन्स' होतो? जाहिराती तयारच असतात. परंतु हा शोध स्वयंपाकघराआधी घरातल्या औषधांच्या डब्यापासून सुरू व्हायला हवा. आपल्याकडे प्रोलॅक्टिन वाढण्याचे एक अगदी नेहमीचे कारण त्या डब्यात सापडते: रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल.

प्रोलॅक्टिन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूष ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक. बाळंतिणीला दूध येते ते त्याच्यामुळे. एरवी मेंदूतून येणारे डोपामाइन हे रसायन त्याला लगाम घालून ठेवते. पीयूष ग्रंथीतली बाकीची संप्रेरके मेंदूच्या हुकमाने वाढतात. प्रोलॅक्टिन मात्र हुकूम थांबला की वाढते. त्यामुळे डोपामाइनचे काम अडवणारे कोणतेही औषध पोटात गेले, की मूल नसतानाही शरीराला बाळंतपण झाल्यासारखे वाटू लागते. पाळी लांबते, बीजनिर्मिती थांबते, कधी छातीतून दूध येते.

डॉम्पेरिडॉन आणि लेव्होसल्पिराइड ही दोन औषधे नेमके हेच करतात. मळमळ थांबावी, जठर लवकर रिकामे व्हावे म्हणून ती देतात. डॉम्पेरिडॉन मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून ते सौम्य मानले जाते. पण पीयूष ग्रंथी मेंदूच्या त्या संरक्षक भिंतीच्या बाहेर आहे, तिथे ते सहज पोहोचते. लेव्होसल्पिराइड तर सल्पिराइड या मानसोपचारातल्या औषधाचेच भावंड. त्याने प्रोलॅक्टिन अनेकदा शंभराच्याही वर जाते. गर्भवती नसलेल्या स्त्रीत ते साधारण २५ नॅनोग्रॅमच्या आत असायला हवे.

आपल्या बाजारात ही औषधे एकटी क्वचित विकली जातात. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर ती एकाच कॅप्सूलमध्ये भरलेली असतात. नावाच्या शेवटी 'डी', 'डीएसआर' किंवा 'एल' असे शेपूट दिसले, तर पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावीत. निव्वळ पॅन्टोप्राझोलने पाळी अशी बिघडत नाही. घोटाळा त्या शेपटात असतो.

परभणी जिल्ह्यातले वालूर घ्या. सेलू तालुक्यातले हे गाव चक्राकार बारवेसाठी राज्यभर ओळखले जाते. अशा गावातून तपासणीसाठी तालुक्याला, तज्ज्ञासाठी परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचे, तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वर जाते. अ‍ॅसिडिटीची पट्टी मात्र जवळच्या मेडिकलवर मिळते, चिठ्ठीशिवाय मिळते, आणि एकाला गुण आला की घरातले सगळे तीच घेतात. सकाळचा कोरा चहा, कामामुळे दुपारपर्यंत लांबलेली भाकरी, तंबाखूची मळणी. जळजळ व्हायला कारणे भरपूर आहेत. आठ दिवसांसाठी लिहून दिलेली कॅप्सूल मग आठ महिने चालते. डॉक्टरने 'रोज कोणती गोळी घेता?' असे विचारले, तरी तिचे नाव कोणी घेत नाही. तिला औषध म्हणून कोणी मोजतच नाही.

याची किंमत बाईला मोजावी लागते. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही, म्हणजे दोष तिचाच, हे घरात आधीच ठरलेले असते. त्यात लहान मूल नसताना छातीतून दूध आले, तर संशयाचे काहूर उठते आणि ती ते आईलासुद्धा सांगत नाही. पुरुषांतही प्रोलॅक्टिन वाढते. इच्छा कमी होते, शुक्रजंतू घटतात, पण तपासणीच्या रांगेत बायकोच उभी असते. नवऱ्याच्या खिशातली कॅप्सूल कोणी पाहत नाही.

परदेशांत याची दखल केव्हाच घेतली गेली. अमेरिकेत डॉम्पेरिडॉनला मान्यताच नाही. दूध वाढावे म्हणून ते घेणाऱ्या मातांना तिथल्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये इशारा दिला होता. युरोपने २०१४ मध्ये मर्यादा घातली: मोठ्यांना १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि सहसा एका आठवड्यापेक्षा अधिक नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ते चिठ्ठीशिवाय विकणे बंद झाले. या निर्बंधांमागचे मुख्य कारण हृदयाच्या ठोक्यांवर होणारा परिणाम हे होते, म्हणजे हा प्रश्न पाळीपुरताही उरत नाही. आपल्याकडच्या 'एसआर' कॅप्सूलमध्ये दिवसाचे ३० मिलिग्रॅम एकदमच असतात. मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १६ औषधे चिठ्ठीविना विकू देण्याचा मसुदा काढला. त्यात पॅरासिटामॉल होते, डॉम्पेरिडॉन नव्हते. कागदावर नियम ठीकच आहे. प्रश्न काउंटरवरचा आहे, आणि तिथे अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक किती वेळा पोहोचतात हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

आता आहाराकडे वळू, कारण विचारणा त्याचीच होते. प्रोलॅक्टिन ठरवून खाली आणणारे कोणतेही अन्न नाही. ज्वारी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे खावेत, पण ते तब्येतीसाठी. 'ब ६' जीवनसत्त्वाचा बोलबाला जुन्या, छोट्या प्रयोगांवर उभा आहे, आणि मोठ्या मात्रेत ते महिनोन्‌महिने घेतले तर हातापायांच्या नसांना इजा होऊन मुंग्या येतात. खाजकुहिलीच्या बियांत डोपामाइन ज्यापासून बनते ते द्रव्य खरोखरच असते. लखनौमध्ये वंध्यत्व असलेल्या पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात तिने प्रोलॅक्टिन उतरलेही होते. पण ग्रंथीत गाठ असेल, तर बियांच्या चूर्णावर विसंबणे म्हणजे वेळ घालवणे. युरोपात 'चेस्टबेरी' नावाने विकली जाणारी वनस्पती आपल्या बांधावरच्या निर्गुंडीची बहीण आहे, निर्गुंडी नव्हे. तिच्यावरचे निष्कर्ष हिला लागू होत नाहीत. सगळ्यात गंमत शतावरीची. परंपरेने ती बाळंतिणीला दूध वाढावे म्हणून देतात, आणि तीच 'स्त्रियांच्या हार्मोनसाठी' म्हणून दुधाचे संप्रेरक आधीच वाढलेल्या बाईला विकली जाते.

अहवाल हातात आला, की आधी गर्भधारणेची चाचणी करावी. थायरॉइड मंदावला असेल तरी प्रोलॅक्टिन वाढते, आणि थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर ते आपोआप उतरते, म्हणून टीएसएच तपासावे. मूत्रपिंड निकामी होत असेल तरीही ते वाढते. सुईच्या भीतीने किंवा धावपळीने आकडा थोडा चढतो. अशा वेळी शांत बसून, उठल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा रक्त द्यावे. अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल चालू असेल, तर डॉक्टरला सांगून ती थांबवावी. साधारण तीन दिवसांनंतरच्या फेरतपासणीत फरक दिसू लागतो. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडॉनसारख्या गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढते, पण त्या आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. तिथे बदल मानसोपचारतज्ज्ञच करतील.

आकडा दोनशेच्या वर असेल, सतत डोके दुखत असेल किंवा नजरेच्या कडेचे दिसेनासे झाले असेल, तर एमआरआय टाळू नये. या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात आणि बहुतेकींना शस्त्रक्रियाही लागत नाही. कॅबर्गोलिन ही गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा घेतली, की प्रोलॅक्टिन उतरते, गाठ आक्रसते आणि पाळी परत येते. अशी बाई पाळी सुरू होण्याआधीच गरोदर राहू शकते, म्हणून मूल हवे आहे की नको, हे पहिली गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरशी बोलून घ्यावे. उलट, कॅप्सूलमुळे वाढलेल्या प्रोलॅक्टिनसाठी कॅबर्गोलिन लिहून दिली गेली आणि कॅप्सूलही चालूच राहिली, तर एका गोळीने घातलेला लगाम दुसरी रोज सकाळी सोडत राहते, आणि पैसे दोन्हींचे जातात.